दसऱ्याचं कुंकू मे महिन्यात

मे उजाडला की आमच्या कॅनडातल्या विंडसरमध्ये दोन कामं एकदमच अंगावर येतात. गाडीचे विंटर टायर उतरवायचे आणि गोल्फची बॅग बेसमेंटमधून वर आणायची. दोन्ही कामं मी होईल तितकी लांबवतो. टायर उतरवले की हमखास बर्फ पडतं, हा माझा अनुभव आहे. बॅग वर आणली की काय होतं तेच सांगायला बसलोय.

यंदाही गॅरेजमध्ये ओल्या रबराचा आणि हिवाळाभर साचलेल्या मिठाचा तोच वास आला. नदीवरून तोच वारा, ज्याला इथले लोक वसंताचा वारा म्हणतात आणि मी कानाला मफलर बांधून ऐकून घेतो. लॉनवर पिवळी फुलं उगवली, बदकांपेक्षा मोठे आणि सासुरवाडीपेक्षा मानी असे गीज रस्ता अडवून चालू लागले. आणि ठरलेल्या दिवशी ईमेल आला: स्थानिक पात्रता फेरीचे अर्ज सुरू.

ही फेरी म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना अजूनही वाटतं की मी कंपनीच्या पिकनिकला जातो. देशातली सगळ्यात मोठी ओपन स्पर्धा असते. टीव्हीवर दिसतात ते खेळाडू तिथे खेळतात. पण तिचं दार, निदान म्हणायला, सगळ्यांना उघडं असतं. तुमचा खेळ एका ठरावीक दर्जाचा असला की तुम्ही दातांचे डॉक्टर असा नाहीतर माझ्यासारखे साचे बनवणाऱ्या कारखान्यातले इंजिनिअर, स्थानिक फेरी खेळायची. त्यातले पहिले काही जण पुढच्या फेरीत जातात, तिथले काही त्याच्या पुढे. शेवटपर्यंत माझ्यासारखा माणूस पोचत नाही. पण पहिलं दार ओलांडायला काय हरकत आहे? मला फक्त तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, पहिलं दार.

मी खेळायला लागलो तो थंडीमुळे. नागपूरहून इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या अपार्टमेंटचा हीटर नुसता आवाज करायचा, आणि जवळच गोल्फच्या सरावाची एक इनडोअर रेंज होती, चांगली उबदार. तिथे बसू देत नसत, चेंडू मारावे लागत. म्हणून मारले. मंजू, माझी बायको, म्हणते की मी जगातला एकमेव माणूस आहे ज्याला गोल्फ शेकोटीच्या नादात आला. पण आला. इतका आला की दर मे महिन्यात पात्रता फेरी खेळायची लायकी झाली, आणि दर मे महिन्यात ती घालवायची अक्कलही. एका वर्षी मी सारख्या नावाच्या दुसऱ्याच कोर्सवर वेळेआधी जाऊन बसलो. एका वर्षी दुसऱ्याचा चेंडू मोठ्या ऐटीत हाणला. एका वर्षी समोरचा खेळाडू पट, म्हणजे भोकाजवळचा हलका फटका, मारायला वाकला आणि माझ्या बॅगेतून फोनने गणपतीची आरती सुरू केली. तो बिचारा मागे वळून म्हणाला, "नाइस ट्यून." चेंडू मात्र गेला तो गेलाच.

अशा घरात आबा आले.

आबा म्हणजे मंजूचे वडील. कराडचे. एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी घाटात काढलेली. सासूबाई गेल्यावर मंजूने त्यांना इथे आणलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कोर्स दाखवायला नेलं. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, आणि माझे जुने बूट. त्यांनी डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं.

"जावईबापू, येवढं रान हाय आन् पेरलंय काय, तर गवात?"

"हो आबा."

"आन् ते बी कापत्यात?"

"रोज."

"जनावरं किती हायत?"

"जनावरं नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मंजूला ह्या घरात देताना आपली काय चूक झाली ते त्यांना नव्याने कळलं असावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तेच बूट घालून दारात उभे. "चला. बॅग म्या वडतो."

तेव्हापासून ते माझे कॅडी झाले. गोल्फमध्ये खेळाडूची बॅग वाहणारा, चेंडू पुसणारा, सल्ला देणारा तो कॅडी. सल्ला देण्यात आबांना कुणी हरवू शकत नव्हतं आणि त्यांचा एकही सल्ला कधी बरोबर आला नाही. मला वाटलं होतं, घाटात गाडी चालवलेला माणूस, ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, उतार हा चुटकीसरशी सांगेल. आबा गुडघे धरून खाली वाकायचे, एक डोळा मिटायचे, आणि छातीठोक सांगायचे, "डावीकडं उतार." चेंडू उजवीकडे पळायचा. "मंग तुमी जोरात मारला," आबा म्हणायचे. चेंडू झाडीत गेला की ते तोंडाने ब्रेकसारखा आवाज काढायचे. चांगला फटका बसला तर बॅगेवर दोनदा थाप मारायचे, कंडक्टर मारतो तशी: जाऊ द्या.

पहिल्या मे महिन्यात ते माझ्याबरोबर पात्रता फेरीला आले. मी बऱ्यापैकी खेळत होतो, म्हणजे माझ्या मानाने कसलीही भानगड न करता. चौदाव्या होलला माझा चेंडू गवतात छान पडला होता, फक्त चिखल लागला होता. मी अंतराचा अंदाज घेत होतो. मागे वळून पाहतो तर आबांनी चेंडू उचललेला, मफलरने पुसून लख्ख केलेला, आणि हसतमुखाने पुन्हा गवतावर ठेवत होते.

तिथे चेंडू उचलायचा नसतो. कॅडीने उचलला तरी खेळाडूला एक फटका दंड. कॅडीचं करणं ते खेळाडूचं करणं, असा नियम आहे. मी दार चुकलो ते एका फटक्याने.

परतताना गाडीत आबा मफलरवरचा चिखल नखाने खरवडत होते. दोन्ही बाजूंना टोमॅटोची काचघरं, त्यांच्यावर ऊन.

"येका फटक्यानं?"

"हो."

"माझ्या?"

"बाकीचे सगळे माझेच होते की आबा."

त्यांनी हे समजावणं मोजलंच नाही. घर आलं, मी गाडी बंद केली, तरी उतरेनात. मग म्हणाले, "फुडच्या साली पार करून देतो. शबूद."

त्या वर्षीचा दसरा मला वासासकट आठवतो. बेसमेंटमध्ये फर्नेसच्या शेजारी जुनी चादर अंथरली होती, तिच्यावर माझे सगळे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, ओळीने निजवलेले. झेंडू मिळाला नाही म्हणून ग्रोसरीतून शेवंती आणलेली. उदबत्तीने स्मोक अलार्म वाजू नये म्हणून मंजू खुर्चीवर उभी राहून टॉवेलने वारा घालत होती. एसटीत असताना आबा दर दसऱ्याला गाडीची पूजा करायचे आणि त्यांच्या हातून कधी अपघात झाला नाही, ह्या दोन गोष्टींचा संबंध लावायला त्यांना कुठल्याही शास्त्राची गरज नव्हती. त्यांनी वाटीत हळदकुंकू ओलं केलं आणि अंगठ्याने एकेका क्लबला लावत गेले. थेट पात्याला. जिथे चेंडू लागतो, बरोबर तिथे.

मी म्हटलं, "आबा, मागच्या बाजूला लावा ना."

"नांगराच्या फाळाला लावत्यात का मुठीला? जितनं काम हुतं, तितं लावायचं." शेवटी पट मारायचा क्लब, पटर, राहिला होता. त्याला त्यांनी दोनदा अंगठा लावला, जास्तीचं. "ह्यो लय वाकडं चालतोय. आता बघा, सरळ जातोय का न्हाई."

नारळ ड्राइव्हवेवर फोडला. समोरच्या घरातली बाई पडदा सरकवून पाहत होती. आबांनी तिलाही खोबरं नेऊन दिलं.

त्यानंतर पाऊस लागला, मग आबांचा खोकला लागला. बॅग तशीच फर्नेसशेजारी राहिली. डिसेंबरात आबा गेले.

इथे मी खरं तर काहीतरी लिहायला हवं. ललित लेखात माणूस गेलं की निदान एक परिच्छेद तरी भरून येतो. माझ्याकडे लिहायला आहे ते असं: मी पार्किंग बघत होतो. फ्यूनरल होमच्या मागचा लॉट बर्फाने अर्धा बुजला होता, आणि टोरांटोहून आलेल्या लोकांच्या गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न होता. मी बर्फ शोव्हल केलं, गाड्या लावल्या, बूट काढायला चटया टाकल्या, चहाचे कप पुरतील ना ते पाहिलं. लोक येत, माझा हात हातात घेत आणि हळू आवाजात विचारत, "मंजू कशी आहे?" मी सांगत असे, "ठीक आहे." फोनवर हॅलिफॅक्सहून मुलगी विचारायची, "बाबा, इज आई ईटिंग?" मी सांगायचो, "हो, थोडं थोडं." कराडहून मेव्हणा विचारायचा, "ताई सावरली का?" मी म्हणायचो, "सावरतेय."

कुणाचं काही चुकत नव्हतं. वडील तिचे. जावई हा सासरच्या घरात पाहुणा असतो, तसा सासरच्या दुःखातही पाहुणाच. त्याने पाटावर बसायचं, वाढलेलं खायचं, आणि मधे मधे करायचं नाही.

आणि मला तसं काही होतही नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण जसं गालाला बोट लावून पाहतो, तसं मी अधूनमधून पाहायचो. खुंटीवरची कानटोपी: काही नाही. माझे जुने बूट, आबांच्या पायांनी रुंद झालेले: काही नाही. सकाळी सहाला जाग यायची, खाली दारात कुणी नसायचं, मी पुन्हा पांघरूण घ्यायचो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी कारखान्यात जायचो, साच्यांची मापं तपासायचो, ती बरोबर यायची. मी जोकही सांगायचो. लोक हसायचे, म्हणजे बरोबर जागी सांगत असणार.

फेरीचा अर्ज मी कधी भरला ते आठवत नाही. भरलाच असणार, कारण माझी वेळ ठरल्याचा ईमेल आला. मंजूने तो माझ्या खांद्यावरून वाचला.

"बॅग मी ओढते," ती म्हणाली.

"तुला त्यातलं काय येतं?"

"आबांना काय येत होतं?"

संपूर्ण वसंतात मी एकदाही सराव केला नव्हता. बॅग बेसमेंटमधून उचलली ती थेट गाडीत टाकली.

कोर्स लेक इअरीच्या काठाला. आम्ही पोचलो तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं, म्हणून सगळं तासभर पुढे ढकललं आणि सरावाची जागा बंद ठेवली. लोक कॉफीचे कप गालांना लावून उभे होते. माझ्या गटातला एक जण आलाच नाही. उरलो मी आणि टायलर नावाचा एक खेळाडू, विद्यापीठाच्या संघातला, माझ्या निम्म्या वयाचा, मला 'सर' म्हणणारा. तळ्यावरून येणारा वारा हातमोज्यातून, कातड्यातून आत जाऊन हाडांशी चौकशी करत होता. पहिल्या फटक्याला माझ्या बोटांना काहीही कळलं नाही. चेंडू मात्र मधोमध जाऊन पडला.

मग दुसरा. मग तिसरा. मी काही करत नव्हतो हो. मला चेंडू जाईल का, कुठे जाईल, पडला तर काय, ह्यातलं काहीच वाटत नव्हतं. इतकी वर्षं शिकवणारे सांगत आले की मन रिकामं ठेव. कसं ठेवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते रिकामंच होतं, मी नुसता त्याच्यामागून चालत होतो. ओल्या गवतावर आमच्या पावलांच्या हिरव्या रेघा उठत होत्या. मंजू मुकाट्याने क्लब द्यायची, ग्रीनवर, जिथे चेंडू उचललेला चालतो, तिथे तो घेऊन पुसून द्यायची. सगळ्यांना दिसणाऱ्या बॅगेवरच्या टॉवेलने नाही, आपल्या कोटाच्या आतल्या बाजूने. असं का करते हे मला विचारावंसंही वाटलं नाही. क्लबवरचं कुंकू मलाही दिसत होतंच. चेंडूपुढे उभं राहून खाली पाहिलं की पात्यावर अंगठ्याएवढा लाल डाग. नियम आठवला नाही, आणि पुसावंसं वाटलं नाही. सहा होल झाले तेव्हा मी पारच्या दोन खाली होतो, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन कमी. माझ्या आयुष्यात मी कधी पारच्या दोन खाली नव्हतो, घरच्या व्हिडिओ गेममध्येसुद्धा.

सातव्या ग्रीनवर टायलरने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, आर यू ब्लीडिंग?"

पांढऱ्या हातमोज्यावर लाल ओघळ. चेंडूवर लाल ठिपका. मी घाबरून मोजा काढला. बोटं निळसर, आणि त्यांना लागलंय की नाही हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मी एकेक बोट वाकवून पाहू लागलो. मंजू धावत आली, तिनेही माझा हात उलटा-पालटा केला. टायलर म्हणाला, त्याच्याकडे बँडएड आहे, एक सेकंद. आम्ही तिघं माझ्या हातावर वाकून जखम शोधत होतो आणि जखम काही सापडत नव्हती.

मग मंजू हळूच म्हणाली, "अहो, ते कुंकू आहे. दवाने भिजलंय."

आणि मला हसू फुटलं. किती महिन्यांनी, कोण जाणे. आता हसू आल्यावर गप्प बसेन तो मी कसला! टायलर विचारतो, कुंकू म्हणजे काय. मी सांगायला लागलो. एसटी सांगितली, घाट सांगितला, नांगर सांगितला, स्मोक अलार्म आणि टॉवेल सांगितला, आबांचा आवाज काढून दाखवला. पटर वर धरून म्हटलं, "आणि ह्याला तर डबल लावलंय, कारण हा वाकडा चालतो ना! चेंडू सरळ जावा म्हणून!" चांगली रंगली होती गोष्ट. टायलर आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"सॉरी, सर," तो म्हणाला. "रिअली सॉरी. मला वाटतं आपल्याला कुणाला तरी बोलवावं लागेल."

"अरे, जखम नाही रे."

"जखमेसाठी नाही. नियमासाठी."

क्लबचं काम सुधारावं म्हणून पात्याला काहीही पदार्थ लावायचा नाही, आणि लावलेल्या क्लबने फटका मारला तर बाद. हा नियम मला पाठ होता. मी स्वतः एकदा आमच्या गोल्फ क्लबातल्या नव्या लोकांना तो समजावून सांगितला होता, व्हॅसलीनचं उदाहरण देऊन.

डोना नावाच्या पंच बाई छोट्या गाडीतून आल्या. वय झालेल्या, गुडघ्यांवर ब्लँकेट, नियमांचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत. टायलरने जे ऐकलं ते सांगितलं, दर वाक्याला एक सॉरी लावून. बाईंनी पटर हातात घेतला, डागाला बोट न लावता चष्म्यातून पाहिलं.

"हे कुणी लावलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"ते आज इथे आहेत?"

"नाहीत."

"ही इज डेड," मंजू म्हणाली. "माझे वडील होते."

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. मंजूचा हात हातात घेतला, म्हणाल्या, "आय अॅम सो सॉरी, डिअर." मग माझ्याकडे वळल्या. माणूस चांगली होती. दार उघडून धरून उभी होती.

"म्हणजे ही त्यांची आठवण. कुणाच्या आठवणीसाठी क्लबवर थोडा रंग असला तर मला काही म्हणायचं नाही. पुसून टाका आणि खेळा."

मी म्हटलं, "आठवण नाही. लावलं तेव्हा ते जिवंत होते."

मागे दुसरा गट येऊन थांबला होता, हात खिशात घालून.

"बरं. मग एक धार्मिक पद्धत. सजावट. काही लोक स्टिकर लावतात, तसं."

"अहो, हो म्हणा," मंजू मराठीत कुजबुजली. "स्टिकर म्हणा."

"स्टिकर नाही," मी म्हटलं.

"तुम्ही दोन खाली आहात!" मंजू दात आवळून म्हणाली. "हो म्हणा आणि मोकळे व्हा ना!"

"मिसेसना काय म्हणायचंय?" डोनाबाईंनी विचारलं.

"ती म्हणतेय थंडी आहे."

बाईंनी उसासा टाकला. पुस्तक पिशवीतून बाहेर काढलं, न उघडता पुन्हा आत ठेवलं. "मी एकदाच विचारते. घाई करू नका. क्लबचं काम सुधारावं, ह्या हेतूने हा पदार्थ लावला होता का?"

एक 'नो' म्हणायचा होता. पहिलं दार समोर होतं, अर्धं उघडलेलं, आणि ते बोलणं खरं तर खोटंही नव्हतं. कुंकवाने चेंडू सरळ जातो असं मला कुठे वाटत होतं? मी इंजिनिअर माणूस. पण पात्यावर अंगठा उमटलेला होता. त्या अंगठ्याच्या मालकाला आपल्या एका फटक्याने झोप लागली नव्हती, आणि त्याने तो फटका परत करायचा शब्द दिला होता. शेवंती, उदबत्ती, नारळ, सगळं त्यासाठी. आणि मी म्हणायचं, सजावट?

"हो," मी म्हटलं. "त्यासाठीच लावलं होतं."

"त्यांचा हेतू तो असेल. तुमचा?" बाई अजूनही दार धरून होत्या.

"ते माझे कॅडी होते."

बाईंना ह्यापुढे काही विचारता येईना. कॅडीचं करणं ते खेळाडूचं करणं. त्यांनी पटर दोन्ही हातांनी मला परत दिला, प्रसाद देतात तसा, आणि मी बाद झालो. टायलर माझा हात सोडायलाच तयार नव्हता. मलाच त्याला सांगावं लागलं की बाबा रे, तू खेळ, तुझी वेळ जातेय.

मंडळाच्या पॉटलक जेवणात मी ही गोष्ट इथेच संपवतो. शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: "दोन वर्षं लागोपाठ एकाच माणसाने मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या वर्षी तर तो हयातही नव्हता!" लोक खो खो हसतात. कुणीतरी म्हणतं, वॉशरूममध्ये जाऊन धुऊन टाकायचं की रे, गाढवा. मग जेवण वाढतात. यंदाही टायर उतरवल्याच्या शनिवारी कुणीतरी फर्माईश केली, मी सांगितली, लोक हसले. पण मे महिना असा उजाडला की मला त्याच्या पुढचंच आठवत राहतं.

सातव्या होलवरून क्लबहाउसपर्यंत उलटं चालत यावं लागतं. सगळे समोरून येत असतात आणि तुमच्याकडे न पाहायची काळजी घेतात. दहिवर वितळलं होतं, गवताला मातीचा आणि खताचा वास सुटला होता. मंजू बॅग ओढत माझ्यापुढे चालत होती.

"एक शब्द बोलायचा होता. स्टिकर."

"हो."

"आयुष्यभर थापा मारल्यात. आबांना सांगितलंत, भेंडी आवडते म्हणून. त्यांनी परसात दोन ओळी लावल्या तुमच्यासाठी."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"मनापासून लावलं होतं गं त्यांनी."

"मला सांगता? माझे वडील होते."

"वडील तुझे," मी म्हटलं. "कॅडी माझे होते."

मंजू थांबली. बॅगेचं हॅन्डल हातात तसंच. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, घरात इतके दिवस एक माणूस राहत होता आणि तो आत्ता दिसला, असं. मग माझ्या बाजूला आली आणि आम्ही हॅन्डल दोघांनी धरून बॅग ओढली. दोघांनी ओढायची ती वस्तू नाही. सारखी पायात येते.

घरी जाताना वाटेत एका कॉफीच्या दुकानात थांबलो. आत ऊब होती, काचा धुरकट झालेल्या. काउंटरवरची बाई बोलघेवडी. माझी टोपी आणि चिखलाचे बूट पाहून म्हणाली, "आज तळ्याकडच्या स्पर्धेला होतात ना? कसं झालं?"

मी काही म्हणायच्या आत मंजू म्हणाली, "माय फादर गॉट हिम डिस्क्वालिफाइड." आणि हे सांगताना तिचा आवाज असा होता की जसं काही वडिलांना पदक मिळालंय.

"नो!" बाईने कप खाली ठेवला. "स्वतःच्या जावयाला?"

"स्वतःच्या जावयाला."

"फारच कडक दिसतात!"

"फार," मंजू म्हणाली, आणि हसली. खरं, पोटातून.

बाईने मान हलवली, कपाला झाकण लावलं, आणि तो मंजूला नाही, मला दिला. माझ्याकडे नीट पाहून, थोडं वाकून, खरंच काळजीने विचारलं, "मग? तुमचं आणि त्यांचं अजून बोलणं आहे ना?"

मी कप घेतला. तो काउंटरवर ठेवला. म्हटलं, "वॉशरूम कुठे आहे?"

वॉशरूम एकाच माणसापुरती होती. मी कडी लावली, नळ सोडला, बंद केला, आणि भिंतीवरच्या हॅन्ड ड्रायरचं बटण दाबलं. फार मोठा आवाज होता त्याचा. मी हात न धरता नुसता समोर उभा राहिलो, थोडा वाकून, तोंड त्या गरम हवेत. तो बंद पडला. मी पुन्हा दाबलं. बंद पडला. पुन्हा दाबलं. तोंड काही कोरडं होईना.

कुणीतरी दार वाजवलं. पुरुषाचा आवाज होता. "यू ओके इन देअर, बडी?"

"हँड्स आर कोल्ड!" मी आतून ओरडलो, आणि बटण पुन्हा दाबलं.